यहुदी व्याख्यानमाला आणि अकरा मिनिटे

आयुष्यात मी लिहिलेल्या पत्रांच्या नकला चार पत्र्याच्या पेट्यांत जपून ठेवलेल्या आहेत. नगरपालिकेला, डाकघराला, रेल्वेच्या विभागीय कचेरीला, वाचनालयाच्या कार्यकारिणीला. प्रत्येक नकलेवर जावक क्रमांक आहे, आणि ज्यांचे उत्तर आले नाही त्यांच्यावर तांबडी खूण. तांबड्या खुणाच अधिक. परवा पेट्या उघडल्या तेव्हा एक पुडके निघाले. त्यावर माझ्याच अक्षरात ‘यहुदी व्याख्याने’ असे लिहिलेले आहे. या एकाच पुडक्यात एकही तांबडी खूण नाही. सर्व पत्रांना वेळेवर, मुद्देसूद उत्तरे आली, आणि सगळा घात त्यामुळेच झाला.

वकिलीची सनद मी हैदराबाद संस्थानात घेतली, म्हणजे कायदा उर्दूतून शिकलो. दावा, जवाबदावा, जिरह म्हणजे उलटतपासणी, सारे उजवीकडून डावीकडे. पोलीस अ‍ॅक्शन झाली, संस्थान गेले, याचा मला आनंद झाला. पुढे आमचा मुलूख मुंबई राज्याला जोडला गेला आणि कचेऱ्यांतून उर्दू उठली, याचाही झाला. फक्त हा दुसरा आनंद भोगत असताना आपले निम्मे ज्ञान रद्दीच्या भावाने गेले, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

जालन्याच्या न्यायालयातले जुने शिरस्तेदार माझ्याहून अधिक बुडाले. हे मुसलमान गृहस्थ तीसेक वर्षे दप्तर सांभाळून होते. त्यांचा खरा लौकिक मात्र तारखा बांधण्याचा. उर्दूत प्रत्येक अक्षराला अंकाची किंमत असते. एखादी ओळ अशी रचायची की तिच्यातल्या अक्षरांची बेरीज केली असता विहीर खोदल्याचे किंवा माणूस गेल्याचे साल निघावे, ही ती कला. गावातल्या कित्येक कबरींवर त्यांच्या ओळी कोरलेल्या होत्या. निवृत्तीनंतर ते उर्दू वर्तमानपत्र वाचायला रोज वाचनालयात येत. कार्यकारिणीने ते पत्र बंद केले. मी दोन पत्रे लिहिली, दोन्हींवर तांबडी खूण पडली. शिरस्तेदार तरीही येत राहिले. मराठी पत्र समोर धरून तासभर बसत आणि पान उलटत नसत. वाचनालयाच्या सभेत तर निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांत ते एकदाही बोललेले नव्हते.

अशा दिवसांत विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाचे परिपत्रक आले. विद्यापीठाची विद्वान मंडळी गावोगावी येऊन सर्वसामान्यांसाठी व्याख्याने देणार, ज्या गावाला केंद्र हवे त्याने अर्ज करावा. मी वाचनालयाच्या वतीने अर्ज केला. उत्तर आले की केंद्र एका वर्षासाठी तात्पुरते मंजूर करता येईल, परंतु ‘आपल्या तालुक्यातील श्रोतृवर्ग लक्षात घेता’ आरोग्य, सहकार किंवा संतवाङ्मय यांपैकी एक विषय सुचवावा.

श्रोतृवर्ग लक्षात घेता! मी ते वाक्य तीनदा वाचले. प्रत्येक वेळी माझा रक्तदाब काय होता हे सांगता येत नाही, कारण तेव्हा तो मोजण्याची पद्धत आमच्याकडे रुळलेली नव्हती. परिपत्रकाला विषयांची यादी जोडलेली होती आणि तिच्या अगदी तळाशी होते: ‘यहुदी लोकांचा इतिहास, भाषा व संस्कृती (तीन व्याख्याने)’. हा विषय कोणीही मागणार नाही, हे यादी करणाऱ्यालाही ठाऊक असावे. मी तोच मागितला. मी उभ्या जन्मात यहुदी पाहिलेला नव्हता आणि पाहण्याची उत्कंठाही नव्हती. मागणीमागे ज्ञानलालसा होती असे पुढे एका सत्कारात माझ्याविषयी सांगण्यात आले. ते असत्य आहे. मागणीमागे राग होता.

विभागाने विषय मान्य केला. तीन लागोपाठचे शनिवार, सायंकाळी सहा वाजता, वाचनालयाचे सभागृह. मी जालना केंद्राचा मानद कार्यवाह झालो. सोबत नियमावली आली. तिच्यातल्या नवव्या कलमावर मी कौतुकाने निळ्या पेन्सिलीची रेघ ओढली: छापील वेळेनंतर तीस मिनिटांच्या आत वक्त्याने प्रत्यक्ष बोलण्यास प्रारंभ न केल्यास व्याख्यान झाले नाही असे समजण्यात येईल, आणि पहिलेच व्याख्यान न झाल्यास तात्पुरते केंद्र रद्द होईल. ज्या गावात पाच वाजताच्या सभेला अध्यक्ष सात वाजता पान चघळत येत, त्या गावाला असले कलम मिळणे हे मी ईश्वरी देणे समजलो.

महिनाभराने विभागाचे आणखी एक पत्र आले. वक्त्यांच्या काही अडचणीमुळे दिवस बदलून रविवार ठेवता येईल काय? मी यात काय वाचले? वाचले ते हे, की मोठ्या शहरातल्या प्रोफेसरांना शनिवारची संध्याकाळ घरी हवी आहे आणि जालन्याने नमते घ्यायचे आहे. मी सहा कलमी उत्तर रजिस्टर पोस्टाने पाठवले. विभागाने पुन्हा विचारले. मी पुन्हा सहा कलमे पाठवली. अडचण कोणती, हे विचारण्याचे मला सुचले नाही. अडचणी विचारल्या की त्या मान्य कराव्या लागतात, हे मी वकिलीत शिकलो होतो.

जाहिरातीचे हातकागद वाटले तेव्हा शिरस्तेदार माझ्या घरी आले. ओट्यावर टेकले. छत्रीची मूठ फिरवत विचारले,

“वकीलसाब, ये यहुदी लोकांची लिखावट दाखवणार का तो माणूस?”

“विषयात भाषा आहे. दाखवावी लागेल.”

“उजवीकडून लिहितात म्हणे.”

“असे ऐकतो.”

“मंग मी येतो,” ते म्हणाले. “केंद्र एक सालाचं हाय न्हाई का? पुढं पक्कं झालं तर एखादा फारसीवाला बी बोलवा. तुमच्या कलमात बसत असंल तर.”

त्या क्षणापासून ही गोष्ट माझ्या रागापुरती राहिली नाही. केंद्र टिकले पाहिजे, असे मी मनाशी धरले.

प्राध्यापक शुक्रवारी दुपारच्या गाडीने आले. मी स्टेशनवर परदेशी टोपीचा कोणी शोधत होतो. प्रत्यक्षात उतरले ते धोतर, काळा कोट आणि पितळी डबा घेतलेले एक सावळे गृहस्थ, आणि बोलले ते अलिबागकडचे मराठी, माझ्याहून स्वच्छ. त्यांचे घराणे कोकणातले. कित्येक शतकांपासून तिथलेच. आजा तेलाचा घाणा चालवत असे.

उतरण्याची सोय माझ्या घरी होती. पत्नी सकाळपासून सचिंत होती. पाहुण्यांना काय चालते आणि काय नाही, हे मला पत्राने विचारायला तिने सांगितले होते आणि ते मी विसरलो होतो. प्राध्यापकांनी स्वतःच सांगितले, “वहिनी, परगावी मी मांसमच्छी खात नाही. भांडी तुमची चालतील, पण पहिल्या वाफेचा भात माझ्या डब्यात काढून द्या.” तिने सोवळ्यात स्वयंपाक केला, डबा स्वतः धुतला आणि आत येऊन मला हळूच म्हणाली, “अहो, हे तर तुमच्यापेक्षा कितीतरी सोवळे आहेत. तुम्ही कचेरीतून येऊन तसेच पानावर बसता.”

सूर्य कलायच्या आधी त्यांनी तिच्याकडे कोनाड्यात ठेवायला एक दिवा मागितला. स्वतःच्या पिशवीतून भिजवलेल्या मनुका काढल्या, त्यांचा रस पेल्यात पिळला आणि त्यावर हात ठेवून हळू आवाजात काही म्हटले. मग आमच्याबरोबर जेवले. जेवताना मी सहज म्हणालो, “उद्या सहाला आहे. आपण पावणेसहाला टांग्याने निघू.”

त्यांचा हात थांबला. “वकीलसाहेब, आता दिवा लागला. उद्या आकाशात तीन तारे दिसेपर्यंत माझा शब्बाथ आहे. मी टांग्यात बसणार नाही, लिहिणार नाही, आणि मोबदल्याचे काम करणार नाही. व्याख्यान हे माझे मोबदल्याचे काम आहे.”

“पण छापील वेळ सहाची आहे!”

“म्हणून तर मी रविवार मागितला होता. दोन वेळा.” ते उठले, हात धुऊन पुसले आणि कोटाच्या खिशाकडे बोट करून म्हणाले, “त्यात विभागाचे उत्तर आहे. आज मी हाताळत नाही. तुम्ही काढून घ्या.”

मी काढले. विभागाने त्यांना कळवले होते की जालना केंद्राचे मानद कार्यवाह दिवस बदलण्यास राजी नाहीत, आणि पुराव्यादाखल माझ्या पत्राची, माझ्याच अक्षरातली दुसरी प्रत जोडली होती. ती मी माझ्याच माजघरात, माझ्याच पत्नीसमोर वाचली. कलम चार: ‘वक्त्याची वैयक्तिक सोय हा या केंद्राच्या विचाराचा विषय होऊ शकत नाही.’ वाक्य घट्ट होते. एक शब्द काढायला जागा नव्हती.

“तुम्ही ही प्रत पाहूनही आलात?” मी विचारले.

“तुमच्या पत्रावरून वाटलं, माणूस चिडका आहे, पण जे छापेल ते करेल. म्हटलं, तारे दिसेपर्यंत थांबतो का, जाऊन बघावं.”

मी माणसासारखा माणूस असतो तर क्षमा मागितली असती. मी वकील असल्याने युक्तिवाद केला. मोबदला उद्यापुरता सोडून द्यावा, म्हणजे ते काम उरत नाही. फळ्यावर लिहू नये, म्हणजे लेखन होत नाही. सभागृहापर्यंत पायी यावे. तिन्ही अडचणी दूर.

प्राध्यापक हसले. “माझ्या आज्याचा घाणा शनिवारी बंद असे. गिऱ्हाईक दारात येऊन म्हणे, विकत नको देऊस, उसनं दे, म्हणजे धंदा नाही. आजा म्हणे, बाबा, बैल माझा आहे, पण आज तो मलाही ऐकत नाही.” त्यांनी माझ्याकडे पाहिले. “मी इथे आलो तो करार करून. सही केली आहे. आता तो करार नाहीच असं म्हणून तुमच्या सभेत उभं राहणं मला जमणार नाही.”

पत्नी ताटे उचलत म्हणाली, “चतुर्थीला चंद्र उगवायच्या आत तुमच्या आईंना मी एक घास भरवून पाहिला असता, म्हणजे समजलं असतं तुम्हाला.”

शनिवारी मी सकाळपासून पंचांग, घड्याळ आणि नवव्या कलमाची बेरीज-वजाबाकी करत होतो. पौषातली संध्याकाळ. सूर्यास्त सहाच्या थोडा पुढे. मुदत साडेसहापर्यंत. तारे जर अर्ध्या तासात दिसले तर सुटलो. तारे नियमावलीला बांधील नव्हते, हीच काय ती अडचण.

साडेपाचला प्राध्यापक पायी निघाले, त्यांच्या शेजारून मीही. विभागाचे निरीक्षक दुपारच्याच बसने आले होते. पन्नाशीचे, मफलर गुंडाळलेले, सर्दी झालेले सज्जन गृहस्थ. त्यांच्याकडे एक छापील तक्ता होता, त्यात प्रारंभाची वेळ लिहायची आणि खाली त्यांची व माझी अशा दोन सह्या. सभागृह भरले होते. व्यापारी, मास्तर, वकील, मिशनच्या दवाखान्यातल्या दोन परिचारिका, मंठ्याहून मुद्दाम आलेले एक हेडमास्तर. तिसऱ्या रांगेत, कडेला, शिरस्तेदार. स्वच्छ शेरवानी आणि मांडीवर एक वही.

ठीक सहाला मी उभा राहिलो आणि प्रास्ताविक सुरू केले. प्रास्ताविक संपवणे मला परवडणारे नव्हते. म्हणून मी विषयाची पार्श्वभूमी सांगितली, म्हणजे विभागाशी झालेला पत्रव्यवहार वाचून दाखवू लागलो. पाच-सात मिनिटे लोकांनी सोसले. मग तेलाच्या व्यापारातले एक शेटजी मागून ओरडले, “वकीलसाब, तुमचंच भाषण ऐकायचं व्हतं तर परगावचा माणूस कशाला आणला? रोज कोर्टात ऐकून राह्यलो की आम्ही!”

हशा झाला. मी कागद मिटले. “खरे सांगतो,” मी म्हणालो, आणि सांगितले. आज त्यांचा व्रताचा दिवस आहे. आकाशात तीन तारे दिसले की तो सुटतो. तोवर ते बोलणार नाहीत. आणि साडेसहापर्यंत बोलले नाहीत, तर हे केंद्र रद्द होते.

लोक हसतील, अशी माझी खात्री होती. पण शेटजींनी टोपी सावरली आणि उठले. “एवढंच ना? मंग आत बसून काय दिसणार? चला बाहेर!”

असे सबंध सभागृह वाचनालयासमोरच्या मैदानात आले. ज्यांच्या घरी संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत चूल थंड असते, जे राजूरच्या गणपतीला उपाशी चालत जातात, ज्यांनी रमजानच्या शेवटच्या दिवशी गच्चीवर माना दुखेपर्यंत चंद्रकोर शोधली आहे, त्यांना या गोष्टीत समजावून सांगण्यासारखे काही नव्हतेच. श्रोतृवर्ग लक्षात घेता, विभागाला याहून लायक श्रोतृवर्ग मिळाला नसता. हे मी विभागाला नंतर कळवलेही.

पश्चिमेला एक ठळक ठिपका दिसला. “एक!” कोणीतरी मोजले.

“तो शुक्र हाय. तो चालतो का, प्रोफेसरसाहेब?”

लिंबाखाली हात पाठीशी बांधून उभे असलेले प्राध्यापक म्हणाले, “नाही. मध्यम आकाराचे हवेत. साधे.”

“घ्या! शुक्र बाद.”

निरीक्षकांनी घड्याळ पाहिले. सहा छत्तीस वाजले असतील असे मला वाटत होते. त्यांच्या घड्याळात सहा पंचवीस झाले होते. माझा जीव अकरा मिनिटे पुढे धावत होता. डोक्यावर एक तारा दिसला. मग पूर्वेला दुसरा. सहा अठ्ठावीस. आणि शेटजी एकदम ओरडले, “तिसरा! ते बघा, कापसाच्या जिनिंग मिलच्या अंगाला! तीन झाले!”

“तीन! तीन!” शंभर माणसांनी दुजोरा दिला. शंभर साक्षीदार. कोणत्याही न्यायालयात दावा सिद्ध झाला असता. मी प्राध्यापकांकडे पाहिले. त्यांनी लिंबाखालून चार पावले पुढे येऊन, डोळ्यांवर हात धरून, नीट पाहिले.

“तो जिनिंगच्या धुराड्यावरचा दिवा आहे,” ते शांतपणे म्हणाले.

मैदानातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते. माझ्यासकट. साडेसहा झाले. साडेसहा होऊन गेले. निरीक्षकांनी घड्याळ खिशात घातले आणि मफलरने नाक पुसले.

तिसरा तारा उगवायचा तेव्हाच उगवला. प्राध्यापकांनी मान हलवली, आम्ही सारे आत गेलो, आणि ते बोलू लागले तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून एकेचाळीस मिनिटे झाली होती.

त्या व्याख्यानाविषयी मी तटस्थपणे लिहू शकत नाही. वक्त्याने आरंभीच सांगितले, “आमचे पूर्वज फुटलेल्या गलबतातून कोकणच्या किनाऱ्याला लागले, असं आम्ही सांगतो. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही.” पुरावा नाही हे विचारण्याआधी सांगणारा साक्षीदार मी त्यापूर्वी पाहिला नव्हता. ते तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. यावर शेटजी उठले, “आमच्यात सोमवारी घाणा बंद असतो. मंग आम्ही कोण?” प्राध्यापक म्हणाले, “सोमवार तेली. कोकणात तेही आहेत. आमचे शेजारी.” शेटजी एखादी पदवी मिळाल्यासारखे खाली बसले. नवस फेडताना ते लोक पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करतात, हे ऐकून मागच्या रांगेतून कोणी म्हणाले, “मलिदा तर आमच्या दर्ग्यात बी असतो.” वक्ते म्हणाले, “मग तुम्हाला समजावून सांगण्याचे माझे कष्ट वाचले.”

शेवटी त्यांनी खडू घेतला. आता तो घेता येत होता. फळ्याच्या उजव्या टोकाला एक अक्षर काढले, त्याच्या डावीकडे दुसरे. “आलेफ. बेत. गिमेल. दालेत.”

“अबजद!”

सर्व माना वळल्या. शिरस्तेदार उभे होते. दहा वर्षांत प्रथमच. वही खाली पडली होती, तिकडे त्यांचे लक्ष नव्हते.

“अलिफ, बे, जीम, दाल. अबजद. पुढं हे, वाव, जे येतात का?”

प्राध्यापकांचा खडू तसाच थांबला. “हे, वाव, जाइन. पुढे सांगा.”

“हव्वज. हुत्ती. कलमन.” शिरस्तेदार लहानपणी मदरशात पाठ केलेल्या चालीत अक्षरांचे पुढचे गट म्हणू लागले आणि प्राध्यापक एकेक अक्षर काढू लागले. “सअफस. करशत.” एकाने म्हणावे, दुसऱ्याने लिहावे. एकही अक्षर मागेपुढे झाले नाही. फळा डाव्या टोकापर्यंत भरला.

“आणि किंमत?” शिरस्तेदारांनी विचारले. “अलिफ एक, बे दोन? ये दहा, काफ वीस?”

“योद दहा, काफ वीस. आमच्या कबरींवर साल असंच लिहितात, अक्षरांत. पुढच्या शनिवारी मी कोकणातल्या काही कबरींवरच्या ओळी उतरवून आणतो. साल मी सांगणार नाही. बेरीज तुम्ही करा.”

“करतो,” शिरस्तेदार म्हणाले. “बिलकुल करतो.”

टाळ्या बराच वेळ चालल्या. लोक पांगू लागले. निरीक्षकांनी टेबलावर तक्ता पसरला, प्रारंभाच्या रकान्यात शिसपेन्सिलीने साडेसहा लिहिले आणि माझ्याकडे टाक सरकवला.

“यावर शाई फिरवा, वकीलसाहेब,” ते हळूच म्हणाले. “असं व्याख्यान मी पाच वर्षांत ऐकलं नाही. अकरा मिनिटं कोण बघतंय?”

शेटजी टेबलाला टेकून उभे होते. मंठ्याचे हेडमास्तर होते. शिरस्तेदार खाली पडलेली वही झटकत होते. प्राध्यापक कोपऱ्यात पाणी पीत होते आणि आमच्याकडे पाहत नव्हते, असे मला तेव्हा वाटले. मी टाक उचलला.

मी तत्त्वनिष्ठ आहे म्हणून पुढचे घडले, असे समजू नये. त्याच महिन्यात नगरपालिकेने मागली तारीख टाकून काढलेली एक नोटीस मी उघडकीस आणली होती आणि त्यावर अकरा पाने लिहिली होती. हाताला एक वळण पडलेले असते. शिवाय थोड्याच वेळापूर्वी एका माणसाने शंभर जणांसमोर, जो तारा मानला असता तरी कोणी हरकत घेतली नसती असा एक दिवा, दिवा म्हणून सांगितला होता. मी शिसपेन्सिलीचे साडेसहा खोडले आणि शाईने सहा एकेचाळीस लिहिले. खाली सही केली.

“काय केलं हे!” शेटजी. “वकीलसाब, अकरा मिनटांसाठी? शहागडच्या जकात नाक्यावर ट्रक तास तास अडकतात, तिथं कोणी मिनटं लिहून सही करतं का?”

निरीक्षकांनी सही केली. त्यांच्या डोळ्यांत कीव होती की सर्दी, हे सांगता येत नाही.

अर्थात मी हातपाय गाळले नव्हते. दहाव्या कलमात, अपरिहार्य कारण असल्यास विलंब क्षम्य, असे होते. मी पाच पानांचे पत्र लिहिले. त्यात माझ्या आयुष्यात प्रथमच चूक माझी असल्याचे मान्य केले, आणि ते इतक्या सविस्तर केले की वाचणाऱ्याला संशयाला जागा राहू नये. उत्तर बुधवारी आले: ‘अपरिहार्य कारण म्हणजे केंद्राच्या आवाक्याबाहेरील कारण. वक्त्यांनी दिवस बदलण्याची विनंती वेळेत केली होती व ती केंद्राने दोनदा लेखी नाकारली, हे आपल्याच पत्रावरून सिद्ध होते. सबब कारण आवाक्यातील होते. जालना केंद्र व उर्वरित दोन व्याख्याने रद्द करण्यात येत आहेत.’

मी ते पत्र दोनदा वाचले. कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. असा मसुदा मी स्वतः केला असता. अपील करायला मी बसलो, प्रतिवादीच्या जागी कोणाचे नाव लिहावे याचा विचार करता करता शाई सुकली, आणि उठलो.

प्राध्यापकांना विभागाने परस्पर कळवले होते. उरले शिरस्तेदार. मी त्यांच्या घरी गेलो. ते पाटावर बसून वहीत रेघा आखत होते, शनिवारच्या बेरजांसाठी. मी विभागाचे पत्र मराठीतून वाचून दाखवले. त्यांनी पूर्ण ऐकले.

“म्हणजे साडेसहा लिहिलं असतं तर झालं असतं.”

“झाले असते.”

“पेन्सिल त्यानं लिहिली होती. तुम्ही खोडली.”

“मी खोडली.”

त्यांनी कौतुक केले नाही, समजून घेतो असेही म्हणाले नाहीत, आणि मी त्याबद्दल त्यांचा ऋणी आहे. मग वही बाजूला ठेवून म्हणाले, “त्या माणसाला खत लिहायचं हाय. त्याला उर्दू येत न्हाई, मला मराठी लिहिता येत न्हाई. तुम्ही लिहा.”

मी कागद घेतला. सवयीप्रमाणे वर ‘विषय’ असे लिहिले. त्यांनी ते खोडायला लावले.

“लिहा. कबरींच्या ओळी तुम्ही उतरवल्या असतील तर डाकेनं पाठवा. साल सांगू नका. मी बेरीज करून उलट डाकेनं कळवतो.”

लिहिले.

“आता लिहा, व्याख्यान बंद पडलं.”

“‘विभागाने केंद्र रद्द केल्यामुळे’, असे लिहू?”

“न्हाई,” शिरस्तेदार म्हणाले. “वकीलसाबमुळं बंद पडलं, असं लिहा. बराबर लिहा, तुमचं अक्षर तो ओळखतो.”

मी तसे लिहिले. त्यांनी खाली उर्दूत सही केली, घडी घातली, आणि पत्ता घालून ते मी त्याच दिवशी टाकले. साध्या टपालाने. त्याची नकल मी ठेवली नाही.